एव्हर्स, मेडगर वायली
(२ जुलै १९२५–१२ जून १९६३). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा एक अग्रणी कार्यकर्ता, दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ (स्थापना १९०९) या संस्थेचा मिसिसिपी राज्यातील पहिला क्षेत्र-चिटणीस. त्याचा जन्म मिसिसिपीच्या पूर्व भागातील डीकेटर या लहान गावी झाला. वडील जेम्स लाकूड कापण्याच्या गिरणीत मजुरी करीत व जोडीला थोडी शेतीही करीत; आई जेसी गोऱ्यांच्या घरची धुण्याची व इस्त्रीची कामे करी. शाळा दूर असल्याने मेडगर व त्याचा थोरला भाऊ चार्ल्‌स यांना रोज कित्येक मैल पायपीट करावी लागे. गोऱ्या मुलांसाठी मात्र बसगाडी असे. मेडगर शाळकरी वयाचा असताना वडिलांच्या परिचयातील एका गृहस्थास, गोऱ्या स्त्रीचा अवमान केल्याच्या आरोपावरून, झुंडीने ठार मारले. त्याचे रक्ताळलेले कपडे पुढे बराच काळ कुंपणावर तसेच पडून होते व मुले शाळेला जाता-येता ते पाहत. ही आठवण मेडगर पुढे अनेकदा सांगत असे.

एव्हर्सचे कार्य समजण्यासाठी मिसिसिपीतील तत्कालीन राजकीय व्यवस्था ध्यानात घेणे अवश्य आहे. यादवी युद्धानंतर (१८६१–६५) झालेल्या घटनादुरुस्त्यांनी कृष्णवर्णीयांस नागरिकत्व व पुरुषांस मताधिकार मिळाला होता. परंतु मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने तो प्रत्यक्षात काढून घेतला. वर्णाचा उल्लेख न करता हे साधण्यात आले, यातच त्या घटनेचे कौशल्य होते. मतदारास कर भरावा लागे, तसेच घटनेचे एखादे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा लागे. उत्तर समाधानकारक आहे की नाही, हे नोंदणी-अधिकारी ठरवी आणि तो अधिकारी नेहमी गोरा असे. राज्यात डेमॉक्रॅटिक पक्षाचे एकछत्री वर्चस्व असल्याने त्या पक्षाची उमेदवार निवडण्याची प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक ठरे व तीत फक्त गोऱ्यांना प्रवेश असे. परिणामी राज्याची जवळजवळ निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही, १९४० च्या सुमारास त्यांच्या प्रौढांपैकी मतदार म्हणून नोंदलेल्यांचे प्रमाण शेकडा एकही भरत नव्हते.

शालेय शिक्षण अर्धवट सोडून एव्हर्स १९४३ मध्ये सैन्यात गेला. त्या काळी अमेरिकेच्या सेनादलांत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत. कृष्णवर्णीयांस बहुधा लढाऊ कामाऐवजी ओझी उतरविणे, वाहने चालविणे, रस्ते बांधणे अशी कामे दिली जात. एव्हर्सची नेमणूक बंदरावर माल उतरविणाऱ्या ६५७ व्या पोर्ट कंपनीत झाली. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या स्वारीनंतर ही तुकडी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढे फ्रान्स व बेल्जियममध्ये रसदीच्या कामावर राहिली. त्या वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात आघाडीकडे इंधन व दारूगोळा नेणाऱ्या मालमोटारींची जी प्रसिद्ध साखळी उभारण्यात आली (रेड बॉल एक्सप्रेस), तिच्या चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. युद्धेतिहासांत अशा हमालीच्या कामाची फारशी दखल घेतली जात नाही. परंतु पश्चिम आघाडीवरील रणगाडे या मालमोटारींतून गेलेल्या इंधनावरच चालले. फ्रान्समध्ये एव्हर्सला एक वेगळाच अनुभव आला. तेथील कुटुंबांनी त्याला घरात घेतले, जेवणास बसविले व समानतेने वागविले. गणवेशातील स्वतःच्या देशबांधवांकडून मात्र त्याला ही वागणूक मिळत नव्हती. ज्या राजवटीविरुद्ध आपण लढत आहोत तिचे वंशश्रेष्ठत्वाचे तत्त्वज्ञान आणि आपल्या गावचा व्यवहार यांतील साम्य त्याच्या ध्यानी आले. १९४६ मध्ये सार्जंट हुद्द्यावरून तो सेवामुक्त झाला.

परतल्यानंतर त्याने उचललेले पहिले पाऊल मतदानाचे होते. अ. सं. सं.च्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये केवळ गोऱ्यांपुरती प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरविली होती आणि परतलेल्या सैनिकांस मतदानाच्या करातून सूट देणारा कायदा मिसिसिपीच्याच विधिमंडळाने केला होता. तो करताना कृष्णवर्णीय सैनिक विधिमंडळाच्या डोळ्यांसमोर नसावेत. परंतु कायद्याच्या शब्दांत तेही बसत होते. मेडगर, चार्ल्‌स व आणखी चार माजी सैनिकांनी डीकेटर येथे नावे नोंदविली. सिनेटर थीओडोर बिल्बो याने त्या वेळी प्रचारसभांतून कृष्णवर्णीयांस मतदानापासून रोखण्याचे उघड आवाहन चालविले होते. २ जुलै १९४६ रोजी, म्हणजे मेडगरच्या एकविसाव्या वाढदिवशी, हे सहा जण मतदानकेंद्रावर गेले असता सशस्त्र गोऱ्या जमावाने त्यांची वाट अडविली व त्यांना मत न देता परतावे लागले. जमावातील पुष्कळजण त्यांच्या ओळखीचे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बिल्बोच्या निवडणुकीची चौकशी करण्यासाठी सिनेटची समिती जॅक्सन येथे आली, तेव्हा साक्ष देण्यासाठी शेकडो कृष्णवर्णीय जमले; त्यांत माजी सैनिकांचा भरणा मोठा होता. पुढील दोन दशकांतील मिसिसिपीच्या चळवळीचे नेतृत्व याच पिढीतून आले. औषधविक्रेता ॲरन हेन्री, टपाल कचेरीत नोकरी करणारा ॲम्झी मूर व स्वतः एव्हर्स हे तिघेही महायुद्धातून परतलेले सैनिक होते.

माजी सैनिकांच्या शिक्षणास साहाय्य देणाऱ्या १९४४ च्या कायद्याचा लाभ घेऊन एव्हर्सने ॲल्कॉर्न येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात आपले राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले व व्यवसाय-प्रशासन या विषयात पदवी मिळविली (१९५२). तेथे तो फुटबॉल खेळे, वादसभांत भाग घेई व विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे संपादन करी. तेथेच भेटलेल्या मर्ली बीझ्‌ली हिच्याशी त्याचा विवाह झाला (२४ डिसेंबर १९५१).

पदवीनंतर तो मौंड बायू येथे ‘मॅग्नोलिया म्यूच्युअल’ या विमा कंपनीत विक्रेता म्हणून लागला. मौंड बायू हे १८८७ मध्ये मुक्त गुलामांनी वसविलेले, सर्वस्वी कृष्णवर्णीय वस्तीचे गाव. कंपनीचा प्रमुख टी. आर्. एम्. हौअर्ड हा तेथील धनाढ्य शल्यचिकित्सक होता. नागरी हक्कांचे खरे शिक्षण एव्हर्सला या नोकरीत मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही. विम्याचे किरकोळ हप्ते गोळा करण्यासाठी तो डेल्टा प्रदेशातील कापसाच्या मळ्यांवरून झोपडी-झोपडी हिंडे. तेथील कुळे बटाईने जमीन कसत. बी-बियाणे, कपडालत्ता व धान्य मळेवाल्याच्याच दुकानातून उधारीने घेत आणि हंगामाअखेर हिशेब मांडला की, बहुधा त्यांच्याच नावे बाकी निघे. वही मळेवाल्याची, वजनकाटाही त्याचाच. अशा कुळाला मतदानाविषयी सांगण्यापूर्वी त्याच्या घरातील आजारपण, कर्ज व भीती यांची विचारपूस करावी लागते, हे एव्हर्स येथे शिकला. हौअर्डने १९५१ मध्ये स्थापिलेल्या प्रादेशिक संघटनेतही तो काम करू लागला. ज्या पेट्रोलपंपांवर कृष्णवर्णीयांस प्रसाधनगृह वापरू दिले जात नसे, तेथून पेट्रोल घेऊ नये, अशी मोहीम या संघटनेने चालविली व त्या मजकुराच्या चिठ्ठ्या हजारो मोटारींच्या मागे झळकल्या. या मोहिमेमुळे अनेक पंपांवर स्वच्छतेची सोय झाली, पण ती वेगळी! वर्णभेदाच्या तत्त्वाला धक्का न लावता सोयी मागणाऱ्या चळवळीची मर्यादाही यातून उघड झाली.

जानेवारी १९५४ मध्ये एव्हर्सने मिसिसिपी विद्यापीठाच्या विधी विद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. तोवर त्या विद्यापीठाने एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश दिलेला नव्हता. मुलाखतीत राज्याच्या महाधिवक्त्याने, विद्यार्थिगृहात राहणार काय, असे विचारले असता, आपण रोज स्नान करतो व अंगाचा तपकिरी रंग दुसऱ्यास लागत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. शिफारसपत्रांतील तांत्रिक उणिवेच्या सबबीवर अर्ज फेटाळण्यात आला. मात्र या प्रकरणामुळे उपर्युक्त राष्ट्रीय संस्थेचे त्याच्याकडे लक्ष गेले व डिसेंबर १९५४ मध्ये तिने त्याची मिसिसिपीसाठी क्षेत्र-चिटणीस म्हणून नेमणूक केली. जॅक्सन येथील कचेरीत त्याची पत्नी मर्ली हीच त्याची कार्यालयीन साहाय्यक होती.

हे पद नावाने मोठे असले, तरी काम कष्टाचे व बहुतांशी अप्रसिद्ध होते. गावोगावच्या शाखांची वर्गणी गोळा करणे, नवे सभासद मिळविणे, मतदारनोंदणीसाठी लोकांची तयारी करून घेणे, अत्याचाराच्या घटनास्थळी जाऊन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे घेणे आणि न्यूयॉर्क येथील मध्यवर्ती कचेरीस नियमित अहवाल पाठविणे, असा त्याचा नित्यक्रम असे. वाटेत खानावळी व विश्रामगृहे बंद असल्याने तो मैलोगणती न थांबता प्रवास करी. पाठलाग झाल्यास निसटता यावे म्हणून त्याने शक्तिमान एंजिनाची मोठी मोटार घेतली होती. त्याची चरित्रे बहुधा त्याच्या हत्येपासून सुरू होतात व तिच्यापाशीच संपतात. परंतु साडेआठ वर्षांतील त्याचा बहुतेक वेळ मोटारीच्या चाकामागे आणि टंकलेखन यंत्रापुढे गेला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

१९५५ हे वर्ष या दृष्टीने कसोटीचे ठरले. मे महिन्यात बेल्झोनी येथे जॉर्ज ली या मतदारनोंदणी करणाऱ्या धर्मोपदेशकास मोटारीत गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या जबड्यात सापडलेले शिसे दातांत भरलेले असावे, असा खुलासा तेथील शेरीफने केला. ऑगस्टमध्ये ब्रुकहेवन येथे लमार स्मिथ हा पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक भर दिवसा न्यायालयाच्या प्रांगणात मारला गेला. पाहणारे अनेक असूनही कोणासही शिक्षा झाली नाही. त्याच महिन्यात शिकागोहून नातलगांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली. तिचे साक्षीदार शोधण्यासाठी एव्हर्स व त्याचे सहकारी कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या वेशात मळ्यांवर फिरले. साक्षीदार मिळाले व ते न्यायालयात उभेही राहिले; तथापि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने तासाभरात आरोपींस निर्दोष ठरविले. ही प्रकरणे देशभर गाजली, ती एव्हर्ससारख्यांनी जागेवर जाऊन तपशील टिपला म्हणून.

बंदुकीपेक्षाही परिणामकारक शस्त्र होते ते उपजीविकेचे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद अवैध ठरविल्यानंतर डेल्टातील इंडिअनोला येथे ‘गोऱ्या नागरिकांची परिषद’ स्थापन झाली. व्यापारी, बँकवाले, मळेवाले असे प्रतिष्ठित लोक तिचे सभासद होते. याझू सिटी येथे ५३ कृष्णवर्णीयांनी एकत्रित शाळांसाठी अर्जावर सह्या केल्या, तेव्हा परिषदेने त्यांची नावे वृत्तपत्रात जाहिरात देऊन छापली. त्यानंतर कोणाची नोकरी गेली, कोणास किराणा मिळेनासा झाला, कोणाचे कर्ज एकाएकी मागण्यात आले. बहुतेकांनी सह्या मागे घेतल्या. याला उत्तर म्हणून राष्ट्रीय संस्थेने व तिच्या हितचिंतकांनी मेंफिस येथील कृष्णवर्णीयांच्या बँकेत ठेवी ठेवून अशा पीडितांस कर्जे मिळवून दिली. कोणास कर्जाची निकड आहे, याची माहिती गोळा करून पाठविणे हेही एव्हर्सच्या कामात मोडे. स्वतःच्या सांगण्यावरून सही करणाऱ्या माणसाची रोजीरोटी जाताना पाहणे त्याला फार जड जाई.

माजी सैनिकांच्या प्रकरणांत तो विशेष गुंतला. क्लाइड केनर्ड हा कोरियातून परतलेला सैनिक हॅटिझबर्गजवळ कोंबड्या पाळी. जवळच्या गोऱ्यांच्या महाविद्यालयात त्याने वारंवार प्रवेश मागितला, तेव्हा सुमारे २५ डॉलर किंमतीचे कोंबड्यांचे खाद्य चोरविल्याच्या बनावट आरोपावरून त्याला सात वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली (१९६०). या निकालावर एव्हर्सने जाहीर टीका केली म्हणून न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला ३० दिवस कैद व १०० डॉलर दंड झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो रद्द केला. एका सभेत केनर्डविषयी बोलताना एव्हर्सला रडू कोसळले, असे उपस्थितांनी नोंदविले आहे. कर्करोगाने खंगलेल्या केनर्डला १९६३ मध्ये सोडण्यात आले व त्याच वर्षी तो मरण पावला. न्यायालयाने त्यास निर्दोष जाहीर केले ते २००६ मध्ये. हवाईदलात नऊ वर्षे काढलेला जेम्स मेरेडिथ यास मिसिसिपी विद्यापीठात प्रवेशासाठी कायदेशीर साहाय्य मिळवून देण्यातही एव्हर्सचा वाटा होता. मेरेडिथचा प्रवेश ऑक्टोबर १९६२ मध्ये केंद्रीय सैन्याच्या संरक्षणाखाली झाला.

एव्हर्सची श्रद्धा राज्यघटनेवर होती, पण ती सहजी आलेली नव्हती. तरुणपणी केन्यातील माऊ माऊ उठावाचे त्याला आकर्षण होते व सशस्त्र प्रतिकाराचा विचार त्याने गंभीरपणे केला होता. थोरल्या मुलाच्या नावात त्याने जोमो केन्याटाचे नाव गुंफले. पुढे त्याने हा मार्ग सोडला. तथापि घरात बंदूक बाळगणे सोडले नाही. मिसिसिपी सोडून उत्तरेकडे जाण्याचा सल्ला त्याला अनेकांनी दिला. परंतु हे राज्य आपलेही आहे, येथेच मुले वाढवावयाची व येथेच मत द्यावयाचे, असे तो म्हणे. कार्यपद्धतीबाबत त्याची ओढाताण होई. राष्ट्रीय संस्थेचा भर न्यायालयीन लढ्यावर होता. मार्टिन ल्यूथर किंगच्या नव्या संघटनेत १९५७ मध्ये स्वीकारलेले पद वरिष्ठांच्या नापसंतीमुळे त्याला सोडावे लागले. दुसऱ्या बाजूस, १९६१ मध्ये टूगलू महाविद्यालयाच्या नऊ विद्यार्थ्यांनी जॅक्सनच्या गोऱ्यांसाठी राखीव ग्रंथालयात बसून वाचन केले व अटक पतकरली, तेव्हापासून तरुणांना प्रत्यक्ष प्रतिकाराची घाई झाली होती. या दोहोंचा मेळ त्याने शेवटपर्यंत घातला, मात्र त्याची किंमत त्याच्या प्रकृतीला मोजावी लागली.

डिसेंबर १९६२ मध्ये जॅक्सनच्या कॅपिटल स्ट्रीटवरील दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. पोलिसांत कृष्णवर्णीयांची भरती, सार्वजनिक स्थळे सर्वांस खुली करणे, दोन्ही वर्णांची संयुक्त समिती नेमणे या मागण्यांबरोबरच कृष्णवर्णीय ग्राहकांस ‘मिस्टर’, ‘मिसेस’ असे संबोधावे, हीही एक मागणी होती. साठीच्या माणसालाही ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारली जाणाऱ्या शहरात ती किरकोळ नव्हती. महापौराने दूरचित्रवाणीवरून चळवळीवर टीका केली, तेव्हा केंद्रीय नियमानुसार उत्तरासाठी एव्हर्सला वेळ मिळाला. २० मे १९६३ रोजी त्याने सतरा मिनिटे भाषण केले. काँगोतील रहिवासी आगगाडीचे एंजिन चालवू शकतो, हे जॅक्सनचा कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतून जाणतो. आपल्या शहरात मात्र त्याला कचऱ्याची मालमोटारही चालवू दिली जात नाही, असे त्याने गोऱ्या श्रोत्यांना शांतपणे सांगितले. या भाषणाने त्याचा चेहरा राज्यभर ओळखीचा झाला. आठ दिवसांनी एका दुकानातील उपाहारगृहात बसलेल्या सत्याग्रहींस जमावाने मारहाण केली व त्याच रात्री एव्हर्सच्या घरावर पेटती बाटली फेकण्यात आली. बंदुकीचा आवाज येताच जमिनीवर पालथे पडण्याचे शिक्षण त्याने आपल्या तिन्ही मुलांना दिले होते. ही सैनिकी कवायत घरात शिकवावी लागत होती.

११ जून १९६३ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी नागरी हक्कांच्या नव्या कायद्याची घोषणा केली. घरातील सर्वजण ते भाषण ऐकून जागे होते. मध्यरात्रीनंतर सभेहून परतलेला एव्हर्स मोटारीतून उतरताच समोरच्या झुडपांतून झाडलेली गोळी त्याच्या पाठीतून आरपार गेली. तासाभरात रुग्णालयात त्याचा अंत झाला. वय अवघे ३७ होते. १९ जून रोजी आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यास लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली. त्याच दिवशी केनेडींनी आपले विधेयक काँग्रेसकडे पाठविले. ते १९६४ मध्ये संमत झाले.

मारेकरी बायरन डी ला बेकविथ हाही दुसऱ्या महायुद्धातील सैनिक होता. नौसैनिक दलात असताना तो टरावाच्या लढाईत (१९४३) जखमी झाला होता. योगायोग असा की, तोही विक्रेता होता व खते विकण्यासाठी डेल्टातूनच हिंडे. एकाच युद्धातून, एकाच राज्यात परतलेल्या या दोघांनी नागरिकत्वाचे अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न लावले. बेकविथच्या बंदुकीच्या दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसा मिळाला होता; तरीही १९६४ मध्ये दोन वेळा, केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीत एकमत न झाल्याने, तो सुटला. वर्णभेद टिकविण्यासाठी राज्य शासनाने १९५६ मध्ये स्थापिलेल्या आयोगाने दुसऱ्या खटल्यात ज्यूरींची माहिती काढून बचावपक्षास साहाय्य केल्याचे १९८९ मध्ये उघडकीस आले. मर्लीने हा पाठपुरावा सोडला नव्हता. खटला पुन्हा उभा राहून ५ फेब्रुवारी १९९४ रोजी आठ कृष्णवर्णीय व चार गोऱ्या ज्यूरींनी बेकविथला दोषी ठरविले. जन्मठेप भोगत असताना तो २००१ मध्ये मरण पावला. मर्ली पुढे राष्ट्रीय संस्थेची अध्यक्ष झाली (१९९५–९८), तर चार्ल्‌स एव्हर्स १९६९ मध्ये फेयेट या गावाचा महापौर म्हणून निवडून आला होता.

जॅक्सनच्या विमानतळास २००४ मध्ये एव्हर्सचे नाव जोडण्यात आले. २०११ मध्ये अमेरिकन नौदलाच्या एका मालवाहू जहाजास त्याचे नाव देण्यात आले. बंदरावर रसद उतरविणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीने ही निवड उचित म्हटली पाहिजे. त्याचे राहते घर २०२० मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले व २०२४ मध्ये त्यास मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान देण्यात आला. सुरक्षिततेसाठी या घराच्या दर्शनी बाजूस दार ठेवलेले नाही. प्रवेश बाजूने, मोटार उभी करण्याच्या छपराखालून आहे. १९६५ च्या मताधिकार कायद्यापूर्वी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय प्रौढांपैकी मतदार म्हणून नोंदलेले शेकडा सातही नव्हते. १९६७ पर्यंत हे प्रमाण शेकडा साठच्या जवळपास गेले.